मदत हवी आहे: चमचा बघितला की बाळ तोंडच मिटून घेतंय

राजारामपुरीची_सूनबाई
चार दिवस झाले, आता वैताग आलाय. चमचा जवळ नेला की ओठ गच्च. कसाबसा घातला तर जिभेनं ढकलून सगळं बाहेर. काल नाचणीचं सत्त्व भिंतीवर, माझ्या केसात आणि मामंजींच्या पेपरवर. त्याच्या पोटात सोडून सगळीकडं. शी पण होईना झालीय. काय भरवू तेवढं सांगा, लवकर सांगा, आत्ता उठेल तो.

वाटी_चमचा
कितवा महिना? अंगावर पितोय की वरचं दूध? आधाराशिवाय मान धरतो का, बसतो का? शी किती दिवस नाही?

आजोळ_शाहूपुरी
उष्टावण केलंत का? मामाच्या हातची खीर पडल्याशिवाय आमच्यात चमचा लावत नाहीत. माझ्या नातीला चांदीच्या वाटीतनं भरवलं, पहिल्याच घासाला मिटक्या मारल्या पोरीनं.

राजारामपुरीची_सूनबाई
साडेसहा महिने. दोन्ही दूध चालू आहे. उष्टावण झालंय काकू, मामा पुण्यासनं आला होता, खीर त्याच्याच शर्टवर गेली. शी तीन दिवस नाही.

तांबडा_पांढरा
वैनी, मटणाचं अळणी पाणी द्या. मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी वाटीभर काढून ठेवायचं. आमचं पोरगं त्याच्यावरच गुटगुटीत झालंय. नाचणी-बिचणी सोडा.

वाटी_चमचा
दादा, तुमच्या अळणीत मीठ असतंय. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ काहीच नको, मग गूळ आपल्या कोल्हापूरचा का असेना. आणि सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून लागतं, ते मटणात राहतं, पाण्यात फारसं उतरत नाही. द्यायचाच तर खिमा पूर्ण शिजवून, बारीक वाटून द्या.

तांबडा_पांढरा
तालमीतल्या पैलवानांना जाऊन सांगा हे.

वाटी_चमचा
पैलवानाला दात असतात.

मिक्सर_नको
ताई, तुम्ही सत्त्व पातळ करताय का? पेजेसारखं पाणी पाजून उपयोग नाही, त्यात पोट भरतं पण अंगी लागत नाही. मऊ भात आणि मूगडाळ हातानं कुस्करा. चमचा जरा तिरका केला तरी घास ओघळला नाही पाहिजे. सुरुवातीला दोन-तीन चमचेच, दिवसातनं दोनदा. मिक्सरवर गंध केलेलं खाऊन मुलं पुढं कण लागला की ओकारी काढतात.

आजोळ_शाहूपुरी
आमच्या वेळी कुठं होता मिक्सर? पुरणयंत्रातनं काढायचो. हल्लीच्या मुलींना पुरणयंत्र म्हणजे काय ते सांगावं लागतंय.

राजारामपुरीची_सूनबाई
पुरणयंत्र आहे हो आमच्यात. सत्त्व घट्टच करते, त्यात अर्धं केळं घालते. शी साठी काय ते सांगा ना कुणीतरी. सासूबाई म्हणतात गुटी वाढव.

घरचं_सत्त्व
बाजारचं सत्त्व असेल. आमच्याकडं नाचणी रात्रभर भिजवून, मोड काढून, सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ करतो. मेसेज करा, घरपोच देतो.

वाटी_चमचा
गुटी कशात उगाळता? काय काय घालता? आणि बाळ पूर्ण दिवसांचं का?

राजारामपुरीची_सूनबाई
गुटी नेहमीचीच, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड. सासूबाई मधात उगाळतात, आईच्या दुधात उगाळलेली थुंकतो म्हणून. पाच आठवडे आधी झालाय, पण वजन आता चांगलं आहे.

वाटी_चमचा
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं ताई! मध आत्ताच्या आत्ता बंद. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभर सुद्धा नाही. मधात बोटुलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते निभावतं, बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आणि त्याची सुरुवात कितीतरी वेळा शी बंद होऊनच होते. रडणं बारीक झालंय का? पापण्या जड, अंग ढिलं, चोखायला जोर कमी, काही आहे का? असलं-नसलं तरी आजच डॉक्टरांकडं न्या, मधाचं आपणहून सांगा. इथं बसून वाचत बसू नका.

आजोळ_शाहूपुरी
आमची चार मुलं मधावरच वाढली, काही झालं नाही.

मिक्सर_नको
काकू, झालं नाही हे तुमचं नशीब. ताई, तुम्ही जावा.

राजारामपुरीची_सूनबाई
जाऊन आले. अंगात जोर आहे, ओढून पितोय, डॉक्टरांचा चष्मा ओढला. तसं लक्षण एकही नाही म्हणाले, पण लक्ष ठेवायचं, रडणं किंवा पिणं मंदावलं तर रात्र असली तरी यायचं. मध बंद, गुटी पण बंद. हे मी घरी सांगितलं तर भांडण, म्हणून सासूबाईंना आत तपासायच्या खोलीतच नेलं होतं. येताना रिक्षात गप्प होत्या.

पाच आठवडे वजा केले तर तो सव्वापाच-साडेपाच महिन्यांचाच धरायचा, बसवला की अजून कलंडतो, जीभ बाहेर ढकलते. म्हणून पंधरा दिवस चमचा ठेवून द्यायचा, दूधच पुरे, नंतर मऊ मूगडाळ-भातानं परत सुरू. घट्ट सत्त्व आणि केळ्यानं शी अडली असेल म्हणाले. संध्याकाळी झाली एकदाची. तीनदा दुपटं बदललं.

तांबडा_पांढरा
बरं झालं वैनी. मीठ न घालता अळणी केली तर वर्षानंतर चालेल ना?

घरचं_सत्त्व
पंधरा दिवसांनी लागेलच, अर्धा किलो बाजूला ठेवू का?