किरकोळ गुन्ह्यापायी बंदुकीचा हक्क जन्मभर जावा का? (अमेरिकी कायदा)

नाममात्र (धागाकर्ता)

अमेरिकेत फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. मिसडिमीनरनेही (किरकोळ गुन्ह्यानेही) हा हक्क जातो आणि तोही जन्मभरासाठी, हे मात्र बऱ्याच जणांना गुन्हाकबुलीच्या कागदावर सही करून झाल्यावर कळतं.

हक्क दोन वाटांनी जातो. पहिली वाट १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टची. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते, तो सिद्ध झाला की बंदूक गेली. राज्याच्या कायद्यात तो मिसडिमीनर असेल तर सूट आहे, पण कमाल शिक्षा दोन वर्षं किंवा त्याहून कमी असेल तरच. प्रत्यक्षात शिक्षा किती झाली, हे कोणी बघत नाही. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला कमाल पाच वर्षं आहेत. ब्रायन रेंज यांनी १९९५ साली फूड स्टॅम्प (गरिबांसाठीची सरकारी अन्नमदत) मिळवण्यासाठी खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं. भरपाई २,४५८ डॉलर, दंड १०० डॉलर, तीन वर्षं प्रोबेशन, तुरुंगवास शून्य. बंदूक मात्र कायमची बंद. तिसऱ्या सर्किटच्या (विभागीय फेडरल अपील कोर्टाच्या) पूर्णपीठाने २०२३मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तो त्यांच्या प्रकरणापुरता.

दुसरी वाट १९९६च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीची, म्हणजे कलम ९२२(जी)(९). पती-पत्नी, माजी जोडीदार, मुलांचा दुसरा पालक, एकत्र राहणारे अशांवर बळ वापरल्याचा किंवा घातक शस्त्राचा धाक दाखवल्याचा मिसडिमीनर सिद्ध झाला की आयुष्यभर बंदी. शिक्षा नुसत्या दंडाची असली तरी.

माझं मत: हिंसा नसलेल्या गुन्ह्यांसाठी पहिली वाट बंद करावी. दुसरी ठेवावी, पण मुदत घालून. २०२२च्या कायद्याने डेटिंगमधल्या जोडीदारावरचा हल्लाही यात आणला. तिथे पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा संपल्यावर पाच वर्षं दुसरं काही घडलं नसेल, तर हक्क परत मिळतो. लग्नाच्या जोडीदाराला तशीच थप्पड मारली तर जन्मभर नाही. या फरकामागे कुठलं तत्त्व आहे?

---

सातूचं पीठ

पहिल्या वाटेबद्दल सहमत. दुसरीबद्दल साफ असहमत.

डेटिंगची पाच वर्षं कुठल्या तत्त्वातून आलेली नाहीत. सिनेटमध्ये साठ मतं जमवायची होती, म्हणून आली. विधेयक ६५ विरुद्ध ३३ मतांनी पास झालं. तडजोडीचं कलम उचलून त्याला मोजपट्टी करू नका.

घरातली मारहाण मिसडिमीनर म्हणून नोंदली जाते ती इजा किरकोळ असते म्हणून नव्हे. तक्रार करणारी बाई साक्षीला येत नाही, किंवा येऊन फिरते. घर त्याच माणसाच्या पगारावर चालत असतं. मग सरकारी वकील गंभीर आरोप सोडून साध्या मारहाणीवर कबुली घेतो. १९९६ची दुरुस्ती नेमकी याच पळवाटेसाठी होती. घरात बंदूक हाताशी असेल तर मारहाण करणाऱ्याकडून जोडीदाराचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट होते, असा जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांचा २००३चा अकरा शहरांतला अभ्यास आहे. पाच वर्षांनी हा धोका कुठे जातो?

---

कोर्टकचेरी

दोघेही 'गुन्हा सिद्ध झाला' हे शब्द सहज वापरताय. मिसडिमीनर कोर्टात गुन्हा 'सिद्ध' कसा होतो ते बघा.

दुसऱ्या वाटेच्या, ९२२(जी)(९)च्या, व्याख्येत दोन संरक्षणं आहेत. वकील मिळालेला असावा किंवा समजून नाकारलेला असावा. आणि ज्युरीचा हक्क असेल तर ज्युरी मिळालेली असावी किंवा ती समजून सोडलेली असावी. मेख दुसऱ्यात आहे: 'हक्क असेल तर'. न्यू जर्सीत साधी मारहाण 'डिसऑर्डरली पर्सन्स' गुन्हा मानली जाते, कमाल सहा महिने. तिथे ज्युरीचा हक्कच नाही, एकटा न्यायाधीश निकाल देतो. म्हणजे ज्युरीशिवाय दिलेला तो निकाल फेडरल बंदीला चालतो. घटनेने दिलेला हक्क बारा नागरिकांसमोर न जाता आयुष्यभरासाठी जातो.

पुढे, 'बळ' म्हणजे किती? कॅसलमन खटल्यात (२०१४) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नकोसा स्पर्शही पुरतो. व्हॉइझीन खटल्यात (२०१६) सांगितलं की मुद्दाम नव्हे, बेपर्वाईने केलेलं कृत्यही पुरतं. याच सुनावणीत न्या. थॉमस यांनी दहा वर्षांचं मौन सोडून सरकारी वकिलांना विचारलं होतं की मिसडिमीनरमुळे घटनात्मक हक्क गेल्याचं दुसरं एखादं क्षेत्र दाखवा. चोख उत्तर मिळालं नाही.

आता गंमत बघा. 'नागरी हक्क परत मिळाले' तर बंदी उठते, असं कायदा म्हणतो. फेलनीवाल्याचे मतदान, ज्युरी, निवडणूक हे हक्क जातात आणि अनेक राज्यांत शिक्षा संपली की परत येतात, म्हणजे त्याला एक वाट आहे. मिसडिमीनरवाल्याचे ते हक्क बहुतेक ठिकाणी गेलेलेच नसतात. मग परत काय येणार? लोगन खटल्यात (२००७) कोर्टाने हेच सांगितलं: जे गेलंच नाही ते 'परत मिळालं' असं म्हणता येत नाही. मोठा गुन्हेगार सुटतो, छोटा अडकतो.

आणि पोलिसांचं? सरकारी कामासाठी दिलेल्या बंदुकीला फेडरल बंदीतून सूट आहे. फेलनी असली तरी. फक्त घरगुती मारहाणीच्या मिसडिमीनरला ती सूट नाही.

---

सातूचं पीठ

पोलिसांना सूट नाही हे अगदी योग्य आहे. बाईने फोन कोणाला करायचा, त्याच्याच चौकीत?

बाकी वाटा नाहीत असं कसं? नोंद पुसली गेली, निकाल रद्द झाला किंवा माफी मिळाली तर तो गुन्हा धरत नाहीत.

---

कोर्टकचेरी

नोंद पुसण्याच्या आदेशातच 'बंदूक बाळगता येणार नाही' असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. कॅलिफोर्नियात दंडसंहितेच्या कलम १२०३.४ खाली खटला 'डिसमिस' होतो आणि लोक पेढे वाटतात. त्याने बंदुकीचा हक्क परत येत नाही. टेक्सासमध्ये कुटुंबातल्या मारहाणीच्या क्लास ए मिसडिमीनरवर राज्याची बंदी सुटका झाल्यापासून किंवा प्रोबेशन संपल्यापासून पाच वर्षांची. सहाव्या वर्षी माणूस म्हणतो, झालं, सुटलो, आणि दुकानात जातो. फेडरल बंदी तशीच असते. बंदूक हाती घेतली तर कमाल पंधरा वर्षं कैद. आधी दहा होती, २०२२च्या कायद्याने वाढवली.

---

पानगळ

तत्त्वाची भांडणं चालू द्या. ही बंदी अमलात कशी येते ते कोणी बोलत नाहीये.

परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात घरगुती हिंसेच्या मिसडिमीनरचा थेट प्रश्न आहे. खोटं उत्तर हा वेगळा फेलनी गुन्हा, दहा वर्षांपर्यंत. मग दुकानदार एनआयसीएसला विचारतो. ही एफबीआयची नोंदी तपासणारी यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८पासून चालू आहे. फेलनी नोंदीतच कळते. मिसडिमीनरच्या नोंदीत मात्र नुसतं 'असॉल्ट' लिहिलेलं असतं. मारलं कोणाला, बायकोला की बारमधल्या अनोळख्याला? ते शोधायला तपासनीसाला काउंटी कोर्टाकडून आरोपपत्र किंवा पोलिसांचा अहवाल मागवावा लागतो. कामकाजाचे तीन दिवस गेले आणि उत्तर आलं नाही, तर फेडरल कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल तर आता कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत थांबता येतं. नंतर 'नाही' असं उत्तर आलं की एटीएफने (बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या फेडरल संस्थेने) त्याच्या दारी जाऊन बंदूक परत आणायची.

हे सगळं नोंद पोचली तर. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७मध्ये गोळीबार करणाऱ्याला बायको आणि तिच्या मुलाच्या मारहाणीबद्दल हवाई दलाच्या कोर्टमार्शलने २०१२मध्ये शिक्षा दिलेली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही. त्याने दुकानातून रीतसर बंदुका घेतल्या.

आणि आधीच घरात असलेल्या बंदुकांचं काय? फेडरल कायदा 'बाळगू नको' म्हणतो, कुठे जमा कर ते सांगत नाही. इलिनॉयमधल्या ऑरोरात २०१९ साली पाच सहकाऱ्यांना मारणाऱ्याचं बंदूकधारक कार्ड २०१४मध्येच रद्द झालं होतं (त्याची शिक्षा फेलनीची, पण मुद्दा तोच). कार्ड रद्द झालं, पिस्तूल घरातच राहिलं. कॅलिफोर्नियात निकालानंतर प्रोबेशन अधिकारी शस्त्र जमा झालं का ते तपासतो, कोर्टात फॉर्म दाखल होतो. तरीही बंदी असून बंदुका नावावर असलेल्यांच्या तिथल्या यादीत वीस हजारांवर नावं आहेत.

---

नाममात्र

पानगळ, +१. माझा मुदतीचा मुद्दा यानेच पक्का होतो. यंत्रणेने जन्मभराच्या यादीऐवजी ताज्या, हिंसक प्रकरणांवर जोर लावावा. रहीमी निकालातही (घरगुती हिंसेचा मनाई आदेश असलेल्यांवरच्या बंदीबद्दलचा, २०२४, आठ विरुद्ध एक) सुप्रीम कोर्टाने जो मान्य केला तो 'तात्पुरता' निःशस्त्रीकरणाचा अधिकार, इतरांना धोका असल्याचं कोर्टाला आढळलं असेल तेव्हाचा. जन्मभराच्या बंदीला तो आधार पुरत नाही.

---

सातूचं पीठ

रहीमीनंतरही ९२२(जी)(९) टिकलेलं आहे. सहाव्या सर्किटने २०२४मध्येच ते वैध ठरवलं.

आणि 'हिंसक' आणि 'अहिंसक' अशी तुमची रेघ दिसते तितकी स्वच्छ नाही. पहिल्या वाटेबद्दल मी घाईने सहमत म्हटलं, ते थोडं मागे घेते. संशोधक गॅरेन विंटम्यूट यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियात हँडगन घेतलेल्यांचा पंधरा वर्षांपर्यंत माग काढला (अभ्यास १९९८चा). आधी मिसडिमीनर असलेल्यांवर नवा आरोप लागण्याचं प्रमाण सातपटीहून जास्त. ज्यांचा एकच मिसडिमीनर आणि तोही बंदूक किंवा हिंसेशी संबंध नसलेला, त्यांच्यावरही बंदुकीच्या किंवा हिंसेच्या गुन्ह्याचा आरोप लागण्याचं प्रमाण कोरी पाटी असलेल्यांच्या जवळपास पाचपट.

---

पानगळ

यातून कोणाचा धोका जास्त ते कळतं. बंदीने धोका कमी होतो का, ते कळत नाही. कॅलिफोर्नियाने १९९१मध्ये हिंसक मिसडिमीनरवर दहा वर्षांची खरेदीबंदी आणली, सोबत सगळ्या विक्रीवर बॅकग्राउंड चेक. विंटम्यूट यांच्याच गटाने पुढची दहा वर्षं तपासली: बंदुकीने होणाऱ्या खुनांच्या किंवा आत्महत्यांच्या दरात फरक दिसला नाही. त्याआधी, २००१च्या अभ्यासात, बंदूक नाकारलेल्यांनी पुढे कमी गुन्हे केल्याचं दिसलं होतं. म्हणजे त्या माणसांवर परिणाम होतो, राज्याच्या एकूण आकड्यांत तो दिसत नाही. नोंदी अर्धवट असतील तर दिसणार कसा!

---

शेवगा

भारताचा १९५९चा शस्त्र कायदा यापेक्षा सरळ नाही का? कलम ९: हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी कितीही मुदतीची कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं बंदी. लग्न, डेटिंग, काही नाही.

---

कोर्टकचेरी

सरळ आहे, कारण तिथे तो हक्कच नाही. पाच वर्षांनी कलम ९चा अडसर जातो, म्हणजे फक्त अर्ज करता येतो. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कलम १४ खाली तरीही नाकारू शकतात. अमेरिकेत दुकानदाराला 'प्रोसीड' आलं की विषय संपला. इथला जो काही निवाडा व्हायचा तो आधी, कोर्टातच व्हावा लागतो.

मराठी वाचकांसाठी याहून जवळची गोष्ट सांगतो. एच-१बीवर असाल तर गुन्हा नसतानाही बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवर बाळगता येते. पण घरगुती हिंसेचा मिसडिमीनर कबूल केला तर बंदूक ही सगळ्यात लहान अडचण असते, कारण तो देशातून काढण्याचाही आधार होऊ शकतो. पडिला खटल्यापासून (२०१०) वकिलाने हे अशिलाला सांगणं बंधनकारक आहे. बंदुकीबद्दल सांगण्याची तशी सक्ती सुप्रीम कोर्टाने घातलेली नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा: कोणत्या कलमावर कबुली आहे, त्या कलमात बळाचा वापर हा गुन्ह्याचा घटक आहे का, आणि कमाल शिक्षा किती. गोंधळ घातल्याच्या, म्हणजे डिसऑर्डरली कंडक्टच्या, कलमात बळ हा घटक नसेल तर ते सहसा या बंदीत बसत नाही. बळाचा घटक असेल तर नातं कलमात लिहिलेलं नसलं तरी चालतं. हेज खटला, २००९.

---

सातूचं पीठ

हीच यादी वाचून मारणाऱ्याचा वकील डिसऑर्डरली कंडक्टवर सौदा करतो. असो.

वैयक्तिक सुटकेचं म्हणाल तर कलम ९२५(सी) आहेच. माणूस धोकादायक नाही असं वाटलं तर सरकार हक्क परत देऊ शकतं. काँग्रेसने १९९२पासून एटीएफला त्या कामासाठी पैसे देणं बंद केलं, म्हणून दार नुसतं भिंतीवर रंगवलेलं होतं. २०२५मध्ये न्याय खात्याने ते काम एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतलं आणि पहिल्या दहा जणांत मेल गिब्सन यांचं नाव आलं. त्यांचा २०११चा गुन्हा जोडीदाराच्या मारहाणीचाच. एकेकाची तपासणी होऊन हक्क परत मिळायला माझी ना नाही. फक्त त्या तपासणीत, जिला मार बसला तिला विचारलं जाणार आहे का?

---

नाममात्र

विचारलंच पाहिजे. तेवढ्यावर मी पाच वर्षांचा हट्ट सोडतो: आपोआप परत नको, अर्ज आणि सुनावणी हवी. पण सुनावणी राज्याच्या कोर्टात, जिथे खटला चालला तिथेच. वॉशिंग्टनमधल्या टेबलावर नको.

---

शेवगा

एक शंका. गुन्हा बंदीत बसतच नाही आणि तरी दुकानात 'डिनाय' आलं तर?

---

पानगळ

दुकानदाराकडून व्यवहाराचा एनटीएन क्रमांक घ्या. त्यावरून एफबीआयकडे नकाराचं कारण मागा. बोटांचे ठसे आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून अपील करा. प्रत काउंटी कोर्टाच्या क्लार्ककडे मिळते. आरोपपत्र आणि कबुलीच्या वेळचं कामकाज दोन्ही मागा, नुसत्या निकालाच्या पानावर कलमाचा उपभाग बहुधा नसतो. अपील मंजूर झालं की 'व्हॉलंटरी अपील फाइल'मध्ये नाव घालून यूपीआयएन क्रमांक घ्या. तो पुढच्या वेळी ४४७३वर लिहिला की तीच जुनी नोंद पुन्हा आडवी येत नाही.