विषय: संक्रांतीला मुलांच्या हातचा खाऊ

प्रेषक: बालवर्गाच्या ताई, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचं हळदीकुंकू आणि बोरन्हाण यंदा शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी आहे. त्या दिवशी बालवर्गाच्या मुलांनी स्वतः काहीतरी खाऊ करावा अशी इच्छा आहे. मुलं २२, वय ३ ते ८, वेळ ४० मिनिटं. हॉलमध्ये गॅस लावता येत नाही. शेंगदाणे, काजू, बदाम आणायचे नाहीत, कारण दोन मुलांना ॲलर्जी आहे.

मागच्या वर्षी आपण बिस्किटांवर चॉकलेट पसरून वर रंगीत गोळ्या चिकटवल्या होत्या. मुलांनी गोळ्या खाल्ल्या आणि बिस्किटं ताटात राहिली. या वर्षी आपल्या घरातलं काही सुचवा.

---

प्रेषक: चिमीची आई, सध्या मुक्काम सोलापूर

ताई, नमस्कार.

माहेरून लिहितेय. इथे गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेची, गडबड सुरू झालीय, होम मैदानावर पाळणे उभे राहिलेत, आणि आमच्या गल्लीत यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) वाळत घातलेल्या दिसतात. तुमची मेल वाचली तेव्हा चिमी (वय ४) पाटावर बसून शेंगदाण्यांची सालं काढत होती, म्हणून लगेच उत्तर द्यावंसं वाटलं. शेंगदाणे तिथे चालणार नाहीत हे माहीत आहे, तरी आधी इथलं सांगते.

पहिले दोन दिवस दादू (वय ७) सारखा पाकिटातला खाऊ मागत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या आईने त्याच्यापुढे लोखंडी खलबत्ता ठेवला आणि म्हणाली, "चटणी संपलीय, तू कुटून दे." हे खोटं नव्हतं. बरणी खरंच रिकामी होती आणि रात्रीच्या जेवणाला चटणी लागणार होती. मला वाटतं सगळा फरक तिथेच पडला. मुलाला खेळातलं काम दिलं की ते दोन मिनिटांत उठतं. घराला लागणारं काम दिलं की बसतं.

वाटीभर दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, ते काम आईचं. गार झाले की चिमी दोन्ही तळहातांमध्ये चोळते. पाखडणं तिला जमत नाही, म्हणून ती सूप अंगणात नेऊन फुंकर मारते आणि सालं उडाली की परत येऊन दाखवते. लसणाच्या सहा-सात पाकळ्या तीच मोजते. मग दादू कुटतो. आधी दाणे उडतात, मग भरड होते, मग ती बत्त्याला चिकटायला लागते. आणि एका क्षणी सगळं चकाकतं, कडेला तेल दिसतं. दादू ओरडला, "आज्जी, तेल कोणी घातलं?" आई म्हणाली, "कुणी नाही घातलं, दाण्यातच असतंय ते." शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं, हे मी त्याला नंतर सांगितलं. पण त्याने ते आधी स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, बत्ता तो दाबतो, म्हणून इथली चटणी अशी तेलकट, गोळा धरणारी होते. जिरं आणि मीठ कुटतानाच घालायचं. मुलांच्या वाट्याची चटणी आधी बाजूला काढायची आणि मोठ्यांसाठी लाल तिखट मागून घालून आणखी चार दणके द्यायचे.

मी मध्येच "पुरे आता, हात दुखेल" म्हणाले तर आई मलाच रागावली, "लेकरू कुटायलंय तर कुटू दे की!"

ही चटणी आणि दही, सोबत कडक भाकरी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कडक भाकरी पापडासारखी पातळ असते, पूर्ण वाळवलेली, आठवडे टिकते. ती हाताने मोडायची हाही एक कार्यक्रमच असतो. चिमीचे तुकडे मी ताकात भिजवते, कारण कोरडा तुकडा टोकदार असतो.

आणि मग चानकी. भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या पिठाची पोरांसाठी बारकी भाकरी, तीच चानकी. मला माझ्या आजीने करून दिली, आता आई चिमीला स्वतःची स्वतः करायला लावते. पिठात उकळतं पाणी मोठ्यांनी घालायचं, कालवून झाकून ठेवायचं, कोमट झालं की मळायचं. चिमी लिंबाएवढा गोळा परातीत थापते. कडा फाटतात. ती बोटाने शिवते, पुन्हा फाटतात. पहिल्या दिवशी ती रडली. आता ती फाटलेल्या कडांना "समुद्र" म्हणते आणि तशीच तव्यावर टाकायला देते. वर तूप आणि गूळ. एरवी मी मागे लागून चार घास भरवते, इथे स्वतःच्या तीन चानक्या एका बैठकीत खाते.

ताई, माझं म्हणणं एवढंच की तुम्ही काहीही ठरवा, पण मुलांना नुसतं सजवायला देऊ नका. चोळणं, कुटणं, थापणं, वळणं, जे खरं काम आहे ते द्या.

---

प्रेषक: एक बाबा, ग्लेन वेव्हर्ली (मेलबर्न)

वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण २२ मुलं आणि ४० मिनिटं हे विसरून चालणार नाही. घरी दोन मुलांमागे आजी, आई अशा दोघी असतात. हॉलमध्ये माझ्या मुलासारखी पाच-सहा मुलं असतील, ज्यांना हाताला चिकट लागलं की आवडत नाही. त्यांनी काय करायचं? शिवाय इथे मिळणाऱ्या ज्वारीच्या पिठाची भाकरी आमच्या घरी मोठ्यांनाही जमत नाही, तव्यावर टाकायच्या आधीच तुकडे होतात.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी

सगळ्यांना नमस्कार. थोडं काळजीचं लिहिते, रागावू नका.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. शेंगदाणाच नाही, भाजलेले फुटाणेही नकोत आणि लाह्यांबाबतही जपून राहा. दाढा नीट आलेल्या नसतात, दाणा तसाच मागे सरकतो आणि श्वासनलिकेत अडकू शकतो. कुटलेलं, दळलेलं चालेल. खाताना मुलांनी बसलेलं हवं. पळत खाणं नको, आणि हसवत भरवणंही नको.

बोरन्हाणाचंही तेच. बोरं, उसाचे करवे, शेंगा, हलव्याचे दाणे डोक्यावरून ओतले की खाली पडतात आणि रांगणारं बाळ ते उचलून थेट तोंडात घालतं. या वर्षी नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवूया. हलव्याचे दागिने घाला, पण फोटो झाले की काढून ठेवा.

ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आयांशी मी बोलले. एकीच्या मुलाला तीळही चालत नाही. त्यामुळे तिळगूळ वेगळ्या टेबलावर, झाकून ठेवा. शेंगदाणे घरी खाऊन येणाऱ्यांनी मुलांचे हात साबणाने धुऊन आणा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, त्याने दाण्याचा अंश जात नाही.

आणखी एक. वर लिहिलेलं वाचून कुणी लहान बाळाला शेंगदाणा द्यायचाच नाही असं ठरवू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप या अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं होती. ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी निघालं. ऑस्ट्रेलियातही आता पहिल्या वर्षाच्या आतच, मऊ स्वरूपात, द्यायला सांगतात. बाळाला एक्झिमा असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

---

प्रेषक: मंगळवेढ्याचे काका

चिमीच्या आईला आशीर्वाद. चानकी हा शब्द फार वर्षांनी वाचला.

ग्लेन वेव्हर्लीच्या बाबांनी पिठाचं लिहिलंय, त्याचं उत्तर मी देतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग ते थापताना फाटतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे कणकेसारखा ताण तिला येतच नाही. धरून ठेवायचं काम पिठातला स्टार्च करतो, आणि तो चिकट व्हायला पाणी खळखळ उकळतं हवं. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास पाणी, चिमूटभर मीठ, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच तळव्याने रगडून मळायचं. पाकिटातलं पीठसुद्धा ऐकतं. मी इथे रोज करतो.

आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेलं. काळ्या जमिनीत, रब्बीत, जमिनीतल्या ओलीवर ही ज्वारी येते. आत्ता चिमीची आई तिथे आहे तर मुलांना हुरड्याला घेऊन जा. कणीस दुधात भरलेलं असतं तेव्हा दाण्यातली साखर अजून स्टार्च झालेली नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. आगटीत भाजलेलं कणीस गरम असताना तळहातावर चोळून दाणे काढायचे. चार वर्षांच्या मुलीला जमतं. मोठ्याने आधी हाताला चटका बसतो का ते बघावं, आणि तिच्यासाठी दाणे जरा चेचून द्यावेत.

कार्यक्रमात मुलांना दामाजीपंतांची गोष्ट मी सांगेन. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना उघडून दिलं, ते कोठार आमच्याच गावचं. हातात ज्वारीचं पीठ असताना ती गोष्ट ऐकली की मुलं विसरणार नाहीत.

---

प्रेषक: चिमीची आई, सोलापूर

काका, काल हुरड्याला जाऊन आलो. गुळभेंडी ज्वारीचा होता. दादूने कणसं चोळून चोळून हात काळे केले आणि परतीच्या वाटेवर गाडीत बोटांचा वास घेत झोपला.

आज भोगी. सकाळी बाजरीच्या भाकरीवर तीळ दाबायचं काम चिमीचं होतं. दुपारी गर्दीत उभं राहून सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे यात्रेतलं सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, पाहिला. घरी आल्यावर दोघांनी चुरमुऱ्यांच्या अक्षता करून खलबत्त्याचं लग्न लावलं.

आता कामाचं. डॉक्टर वहिनींचं सगळं धरून, बाबांची अडचण धरून, मी आईशी बसून हे ठरवलंय.

पहिलं, पंढरपुरी डाळ्याचे लाडू. विस्तव लागत नाही. २२ मुलांना प्रत्येकी दोन छोटे लाडू म्हणजे साधारण ३५० ग्रॅम डाळं, २३० ग्रॅम मऊ गूळ, १०० ते ११० ग्रॅम पातळ तूप, वेलची. डाळं घरून बारीक दळून आणायचं, पण मूठभर अख्खं ठेवायचं आणि पाच वर्षांवरच्या मुलांनी ते खलबत्त्यात कुटायचं. गूळ किसायचा नाही, बोटांनी फोडायचा. तूप हात आखडता न घेता घाला. कोरडं पीठ घशात बसतं आणि ठसका लागतो, तेव्हा पाणी जवळ हवं. चिकट नको असणाऱ्या मुलांना वाटीने मोजायचं काम द्या, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत मिश्रण घालून बाहेरून दाबायला द्या. आईने ती युक्ती माझ्या धाकट्या भावासाठी केली होती. तोही असाच होता.

डाळं हरभऱ्याचं आणि तुपात दुधाचा अंश, म्हणून दोन्ही आयांना एकदा विचारून घ्या. पाकिटावर "शेंगदाण्याचा अंश असू शकतो" असं छापलेलं नाही ना, हे वाचूनच डाळं घ्या.

दुसरं, चानकी. हॉलमध्ये विजेचा तवा चालेल का? चालत असेल तर उकळतं पाणी थर्मासात आणू. मुलं थापतील, मोठं माणूस भाजेल. न चालल्यास मुलांनी थापलेली चानकी बटर पेपरवर ठेवून घरी न्यायची आणि रात्री भाजायची.

शेंगाच्या चटणीऐवजी मी सूर्यफुलाच्या बियांची करून पाहिली. भाजून कुटली, लसूण-जिरं तेच. रंग करडा येतो आणि तेल जरा कमी सुटतं, पण दादूने दोनदा मागून घेतली. माझ्या मते ती शेंगाच्या चटणीची बरोबरी करत नाही, तरी दह्यासोबत चांगली लागते.

---

प्रेषक: बालवर्गाच्या ताई

विजेचा तवा चालतो, विचारून घेतलं. दोन तवे आणि जाळीचा आडोसा मंडळाकडे आहे. भाजायला काका बसतील. दोन्ही आयांनी डाळं, तूप, सूर्यफुलाच्या बिया याला होकार दिलाय. त्या पाकिटं स्वतः वाचून आणणार आहेत.

खलबत्ते फक्त तीन जमलेत. ज्यांच्याकडे दगडी किंवा लोखंडी असेल त्यांनी कृपया आणा, आधी घरी साबणाने घासून, कारण त्यात एरवी दाण्याचं कूट केलेलं असतं.

---

प्रेषक: चिमीची आई, सोलापूर

ताई, नवी पेठेतून एक छोटा खलबत्ता घेतलाय, मुलांच्या हाताला बेताचा, त्यात दाणा कधी पडलेला नाही. लोखंडी आहे, त्यामुळे कडक भाकऱ्या कमी आणाव्या लागतील. भाकऱ्या आणि चटणी विमानतळावर फॉर्मवर जाहीर करूनच आणेन. चटणी आमच्या घरीच राहील.

दादू विचारतोय, लाडू वळायला तो लहान मुलांच्या टेबलावर बसला तर चालेल का. त्याला त्यांना शिकवायचंय.