निंगबो : बंदर नदीतून समुद्राकडे
चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील निंगबो या बंदर-शहराच्या भरभराटीचे सारे श्रेय १९८४ साली चौदा किनारी शहरे परकीय गुंतवणुकीला खुली करण्याच्या चीन सरकारच्या निर्णयाला काही जण देतात. ते मला अपुरे वाटते, कारण त्या यादीतील सगळीच शहरे काही सारखी वाढली नाहीत. ब्रिटन व चीन यांच्यातील १८४२ च्या नानजिंग तहाने परकीय व्यापाराला खुल्या झालेल्या पाच बंदरांत निंगबो होतेच. परंतु शेजारच्या शांघायने व्यापार ओढून घेतला आणि निंगबोचे सावकार-व्यापारीही तिकडेच जाऊन गब्बर झाले.

खरा फरक पडला तो खोल पाण्यामुळे. यांगत्से नदीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने लोहखनिजाची अवजड जहाजे पूर्ण भाराने शांघायला जाऊ शकत नसत. म्हणून तेथील बाओशान पोलाद कारखान्यासाठी निंगबोजवळ बेलुन येथे मोठा धक्का बांधला गेला, आणि नदीकाठचे जुने बंदर समुद्राकडे सरकले. पुढे झौशान बेटांचे बंदरही त्यात सामील झाले आणि २०१७ साली या जोडबंदराने १०० कोटी टन मालवाहतुकीचा टप्पा ओलांडला. स्थलांतरितांचा पैसाही परतला : निंगबो विद्यापीठ १९८६ साली उभे राहिले ते मूळच्या निंगबोच्या, हाँगकाँगमधील जहाजमालक पाओ यांच्या देणगीतून.