मदत हवी आहे: पिशवीची गाठ हृदयापर्यंत जाते का?

गोदाकाठचा: लवकर सांगा कोणीतरी. ताईला दम लागतोय, पाय सुजलेत. लातूरला इको केला, हृदयाच्या उजव्या कप्प्यात काहीतरी लोंबतंय म्हणे. एक डॉक्टर म्हणतात गुठळी, दुसरे म्हणतात गर्भपिशवीची गाठ शिरेतून वर चढली, ऑपरेशन करा. दाजी म्हणतात हे पैसे उकळायचे धंदे.

मांजरा_०२: वय? पिशवीला आधी गाठी होत्या का? सीटी झाला?

गोदाकाठचा: वय ४६. सीटी उद्या. आन् पिशवी आहेच कुठं, २०१७ लाच काढली. म्हणून तर विचारतोय!

मांजरा_०२: अहो, हे आधी सांगायचं ना!

परभणीकर: गुठळीच असणार. आमच्या सासऱ्यांच्या पायात होती, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत गेली. कापाकापी करू नका.

सिस्टर_अंबाजोगाई: परभणीकर, सासरेबुवांना गर्भपिशवी होती का? या गाठी गोळ्यांनी विरघळत नाहीत. इंट्राव्हेनस लियोमायोमॅटोसिस म्हणतात. कॅन्सर नाही, फायब्रॉईडच्या म्हणजे गर्भपिशवीतल्या साध्या गाठीच्याच जातीची, पण शिरेच्या आत वाढते. ओटीपोटातून मोठ्या नीलेत, तिथून उजव्या कप्प्यात. पिशवी काढल्यावर वर्षांनी दिसणं हेही यात नेहमीचं. नोंद १८९६ ची, हृदयापर्यंत पोचल्याची १९०७ ची, म्हणजे डॉक्टरांनी काल शोधलेलं नाही. इकोत गुठळी किंवा मिक्झोमा (हृदयातच होणारी साधी गाठ) वाटते, म्हणून सीटी पोटापासून छातीपर्यंत सलग करा. खालून वर एकच दोरी दिसली तर कळेल. पिशवी काढताना बीजांडकोश ठेवलेत का? त्यांतून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसते ही.

बीडवाली: पिशवी काढायची गरज तरी होती का? आमच्याकडे ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या ते २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलंच.

परभणीकर: विषय काय, तुम्ही बोलता काय.

बीडवाली: सासऱ्याच्या पायावर कोण बोललं?

वैद्य_नाना: कांचनार गुग्गुळ, रोज दोन वेळा. गाठ कुठलीही असो.

सिस्टर_अंबाजोगाई: नाना, गाठ हृदयात झडपेपाशी लोंबतेय. अडकली तर माणूस उभ्या उभ्या कोसळतं. गोदाकाठचे भाऊ, हृदयाचे सर्जन आणि स्त्रीरोगवाले दोघंही असतील तिथंच जा. कधी एकाच बैठकीत करतात, कधी दोन टप्प्यांत, हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ करणारं हार्ट-लंग मशीन लावून. मुळासकट निघाली तर बरं, शेपूट राहिलं तर परत वाढते. २०१७ चा बायॉप्सी रिपोर्ट शोधा.

लातूरचा_पोर: महात्मा फुले योजनेत बसतं का हे? माझ्या मामाचं मुतखड्याचं बसलं होतं.

मांजरा_०२: रेशनकार्ड कोणतं?

गोदाकाठचा: बीजांडकोशांचं ताईला माहीत नाही, कोणी सांगितलंच नाही म्हणते. जुनी फाईल सापडली. बायॉप्सीचा कागद नाही, नुसतं बिल आहे.

सिस्टर_अंबाजोगाई: बिलावर नोंदणी क्रमांक असेल. तो घेऊन त्याच दवाखान्यात जा, बायॉप्सी कुठल्या लॅबला दिली ते विचारा आणि तिथून ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागा. दाजींना सोबत न्या.

परभणीकर: इकोचे किती घेतले लातूरला?