फिक्या रेक्झिनवर चढलेला रंग : तुमचे अनुभव सांगा

हल्ली गाडीचं सीट कव्हर असो की सोफा, सगळ्यांना क्रीम नाहीतर पांढरं रेक्झिन हवं असतं. दिसतंही छान. पण जीन्सचा निळा, हळदीचा पिवळा, केसांचा डाय, काही ना काही त्यावर चढतंच. घरोघरी यावर काहीतरी करून पाहिलेलं असतं, ते एका जागी यावं म्हणून हा धागा. कशाचा डाग, किती जुना, काय लावलं आणि नंतर रेक्झिनचं काय झालं, हे चारही लिहा. शेवटचं तर नक्कीच.

माझ्यापासून सुरुवात करतो. जळगावचा मे महिना, उन्हात उभी गाडी, घामेजलेली नवी जीन्स. क्रीम सीटवर निळसर पट्टा उमटला. जीन्सची नीळ सुताच्या वरवरच बसलेली असते, त्यामुळे घासली की सुटते. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना मऊ ब्रश, एवढ्यावर बराच पट्टा गेला. उरलेली झाक मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने गेली. कापूस भिजवून टिपायचं, रगडायचं नाही, आणि कापूस निळा झाला की बदलायचा, नाहीतर तोच रंग पुढे पसरतो. रेक्झिनची चमक शाबूत आहे.

भुसावळ, ब्युटी पार्लर
आमच्या खुर्च्या ऑफव्हाइट आहेत, म्हणून हे जीव तोडून सांगते. केसांचा पर्मनंट डाय लावताना फिका दिसतो आणि हवा लागली की गडद होत जातो. थेंब पडल्या पडल्या पुसला तर खूण राहत नाही. अर्ध्या तासाने पुसला तर पिवळट-तपकिरी सावली राहतेच, मग अल्कोहोलनेही ती फक्त फिकी होते. माझ्या मुलींना एकच शिकवलंय: एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात ओला नॅपकिन. डाय असेल त्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर पारदर्शक प्लास्टिक घालतो.

धुळे
हळदीच्या कार्यक्रमानंतर सोफ्याचा हात पिवळा. साबण लावला तर डाग लाल झाला आणि घरातल्या सगळ्या बायका घाबरल्या. घाबरू नका, साबणाच्या खाराने हळद लाल होते, थोडं लिंबूपाणी लावलं की परत पिवळी. खरं काम उन्हाने केलं. सोफा गच्चीवर नेला, बाकीचा भाग चादरीने झाकला, फक्त डाग उघडा ठेवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण डाग गेला की सोफा लगेच आत घ्या, जास्त उन्हाने रेक्झिन कडक पडतं.

नंदुरबार
मिरचीचा आमचा धंदा, टेम्पोच्या सीटवर लाल हात लागतातच. शेवभाजीच्या तर्रीचंही तेच. मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात सुटतो. आधी साधं खायचं तेल चोळून पुसा, मग भांड्यांचा साबण. बस.

अमळनेर, सोफा-कुशनचं दुकान
वरचे सगळे वाचले, चांगलं लिहिलंय. कारागीर म्हणून थोडं सांगतो. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि रंग त्यातच विरघळून आत उतरतो. म्हणून जुना डाग वरून कितीही पुसला तरी हलत नाही. उष्णतेने हे आणखी झपाट्याने होतं, आणि खान्देशात ऊन काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

दुकानात येणाऱ्या खराब सीटांमध्ये डागाने खराब झालेल्या कमी, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरने खराब झालेल्या जास्त. त्यातलं अ‍ॅसिटोन पीव्हीसीचा थरच मऊ करून चिकट करतं, त्यावर इलाज नाही. पांढरा मॅजिक स्पंज हा बारीक पॉलिशपेपरच समजा: डाग जातो, चमकही जाते. ब्लीचने शिलाईचा दोरा कमकुवत होतो, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. काहीही लावण्याआधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा.

शिरपूर
गडद लाल उशी उन्हाळाभर पांढऱ्या सोफ्यावर पडून होती. उचलली तर खाली गुलाबी चौकोन. अल्कोहोलने काही झालं नाही, रंग आत गेलेलाच होता. मग मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल आणलं, ५ टक्क्यांचं. जाड थर, वर प्लास्टिक, खिडकीतलं ऊन, संध्याकाळी पुसून पुन्हा नवा थर. हळूहळू गुलाबी उतरत गेला. आता तिरक्या उजेडातच दिसतो. जेल कापडाचा रंगही उडवतं, त्यामुळे रंगीत पायपिंगवर आधी चिकटपट्टी लावा आणि जुने कपडे घालून काम करा.

अमळनेरच्या भाऊंना विचारायचं होतं: इतकं जेल लावल्यावर रेक्झिन पुढे तडकेल का? आता मऊच लागतंय.

अमळनेर, सोफा-कुशनचं दुकान
ताई, जेल नीट धुऊन काढा, राहू देऊ नका. सोफा खिडकीपासून हलवा. दुमडीच्या जागी, बसल्यावर जिथे वळी पडते तिथे, बोट फिरवून बघत राहा. तडा आधी तिथेच जातो. तिथे मऊ असेल तर बसा निवांत.