भविष्य निर्वाह निधी काढला. आता पेन्शन मिळेल का?

प्रश्न: माझ्या वडिलांनी कुर्ल्याच्या एका कारखान्यात १९९८ ते २००९ अशी ११ वर्षे नोकरी केली आणि कारखाना बंद पडल्यावर पीएफची रक्कम काढून घेतली. ते नुकतेच ५८ वर्षांचे झाले. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या जुन्या पगारपावत्यांवर खाते क्रमांक अजून वाचता येतो. त्यांना पेन्शन मागता येईल का?

प्रतिसाद १: पीएफ काढल्याने पेन्शनचा हक्क आपोआप जात नाही. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत स्वतंत्रपणे जमा होते आणि १० वर्षांची सेवा भरली असल्यास ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. त्यासाठी १०-डी हा पेन्शन मागणीचा अर्ज पीएफ कार्यालयात भरावा.

प्रतिसाद २: रकमेचा अंदाज असावा म्हणून सांगतो. वडिलांनी नोकरी सोडली तेव्हा वेतनमर्यादा, म्हणजे पेन्शनसाठी धरला जाणारा जास्तीत जास्त मासिक पगार, ६,५०० रुपये होती. वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० या सूत्राने दरमहा जास्तीत जास्त सुमारे १,०२१ रुपये होतात. मुंबईत एवढ्यात महिन्याचे औषधही येत नाही, हे मनाला फार लागते. तरीही अर्ज कराच, कारण वडिलांच्या पश्चात आईलाही विधवा पेन्शन मिळते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पावत्या घेऊन सोमवारीच कार्यालयात जातो.