लोगोच्या पुढचं कसं शिकायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला फ्लेक्स-छपाईच्या दुकानात कोरलड्रॉवर काम करतो. लोगो जमतो, पुढे अडतं. पिंपळगाव बसवंतच्या ओळखीच्या बेदाणेवाल्यांना खोका, पाकीट, टेम्पो, व्हॉट्सॲपचा डीपी सगळीकडे एकच ओळख हवीय.

व्हिन्येली आणि नोर्डा या डिझायनरांची न्यूयॉर्क सबवेच्या (भुयारी रेल्वेच्या) पाट्यांसाठीची १९७० सालची नियमावली चाळली. अक्षरं, रंग, अंतरं, सगळं बांधून दिलेलं. पण त्यांना कुठे वेलांट्या-रफार सांभाळायचे होते! इंग्रजीशेजारी त्याच मापात मराठी ठेवली की बारीक दिसते. ‘मुक्त’ फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत, तोच घ्यावा का? आणि खाकी पुठ्ठ्यावर हिरवा मळकट उतरतो, त्याचा नियम कसा लिहितात?

मुंबई-पुण्याचा कोर्स परवडणार नाही. नाशकात कुणी शिकवतं का? निदान काम बघून चुका काढणारं कुणी?